डमीला जोडीदार बनवा: स्ट्रीट फायटर ६चा ट्रेनिंग मोड नव्याने वापरणाऱ्यांसाठी

कोल्हापुरात आमच्या घरामागच्या गल्लीत तालीम होती. शाळेतून आलो की दप्तर टाकायचं आणि तिच्या कट्ट्यावर जाऊन बसायचं, हा माझा नेम. वस्ताद नव्या पोराला शिकवायचे तेव्हा समोर एक जोडीदार उभा करायचे आणि त्याला बजावायचे, "तू फक्त पट काढायला यायचं. दुसरं काही करायचं नाही." तो पन्नास वेळा पट काढायला, म्हणजे पाय ओढून पाडायला, यायचा, आणि नवा पोरगा पन्नास वेळा त्याची तोड करायचा. मग वस्ताद जोडीदाराच्या कानात काहीतरी पुटपुटायचे. पुढच्या खेपेला तो पटाला वाकल्यासारखं करून भलताच डाव टाकायचा. खरं शिकणं तिथून सुरू व्हायचं.

फायटिंग गेममधली डमी, म्हणजे सरावासाठी समोर उभं केलेलं पात्र, हाच तो जोडीदार आहे, हे कळायला मला पाच महिने लागले. २०२३च्या जूनमध्ये स्ट्रीट फायटर ६ आला, तेव्हाच मी तो घेतला. रोज रात्री तासभर ट्रेनिंग मोड उघडायचा आणि ऱ्यू या पात्राचा एक लांबलचक कॉम्बो (एकामागोमाग जोडलेले मार) घोटत बसायचो. डमी नुसती उभी. दिवाळीत मामेभाऊ आला. त्याने केन घेतला, सरळ उड्या मारत आला आणि दहापैकी नऊ सामने जिंकले.

"दादा, तू रोज तासभर करतोस तरी काय?" त्याने विचारलं. मी कॉम्बो करून दाखवला.

"भारी आहे. पण आज यातला एक तरी मला मारलास का? मी उड्या मारतोय, त्या आधी थांबव की."

मग त्यानेच मेनू उघडला, डमीला उडी मारून लाथ घालायला शिकवलं आणि कंट्रोलर माझ्या हातात दिला. त्या रात्री वीस मिनिटांत मी जे शिकलो, ते आधीच्या पाच महिन्यांत शिकलो नव्हतो. तुमचे ते पाच महिने वाचावेत म्हणून हे लिहितोय. उदाहरणं स्ट्रीट फायटर ६ची आहेत, कारण त्याचा ट्रेनिंग मोड मला आतून-बाहेरून माहीत आहे. पण यातलं बरंचसं टेकन किंवा गिल्टी गिअर या दुसऱ्या फायटिंग गेमनाही लागू पडतं.

वय झालंय, हात चालत नाहीत, असं वाटत असेल तर एवढंच सांगतो: २०२३मध्ये हांगझोउच्या आशियाई खेळांत स्ट्रीट फायटर ५चं सुवर्णपदक दक्षिण कोरियाच्या किम ग्वान-वू यांनी जिंकलं, तेव्हा ते ४४ वर्षांचे होते.

सुरू करण्याआधी जवळ काय हवं

- गेम आणि तो नीट चालेल असं मशीन: प्लेस्टेशन ४ किंवा ५, एक्सबॉक्स सिरीज किंवा बऱ्यापैकी पीसी. पीसीवर गेम सेकंदाला ६० फ्रेमवर (चित्रांवर) स्थिर चालला पाहिजे. ग्राफिक्स कमी करा, पण फ्रेम पडू देऊ नका.
- कंट्रोलर. साधा चालतो. बाणांची बटणं ढिली झालेली नसावीत, इतकंच बघा. पीसीवर कीबोर्डही चालतो. महागडी आर्केड स्टिक पहिल्या सहा महिन्यांत घेऊ नका.
- लॅन केबल. ऑनलाइन खेळणार असाल तर वायफायवर विसंबू नका.
- एक वही आणि पेन. मोबाइलमधल्या नोट्स नकोत. मोबाइल हातात आला की सराव संपतो.

१. आधी स्क्रीन तपासा

टीव्हीवर खेळत असाल तर टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन गेम मोड चालू करा. हे काम दोन मिनिटांचं आहे, आणि बहुतेक जण ते करत नाहीत. टीव्ही चित्र सुंदर करण्यासाठी त्यावर प्रक्रिया करतो आणि त्यात वेळ जातो. तुम्ही बटण दाबल्यापासून स्क्रीनवर हात हलेपर्यंतचा तो उशीर डोळ्यांना कळत नाही, पण सामन्यात भोवतो. मी दोन आठवडे "माझी प्रतिक्रिया मंद आहे" असं समजत होतो. गेम मोड चालू केला त्याच संध्याकाळी केनच्या उड्या हवेत पाडता यायला लागल्या.

२. गेममधले धडे एकदा करा आणि पुढे चला

फायटिंग ग्राउंडमध्ये ट्युटोरियल आहे, तिथून सुरुवात करा. मग तुमच्या खेळाडूचं, म्हणजे गेममधल्या पात्राचं, कॅरेक्टर गाइड करा. कॅरेक्टर गाइड कोणती मूव्ह कशासाठी आहे हे सांगतं, म्हणून मी ते दोनदा करायला सांगेन: एकदा पहिल्या दिवशी, आणि एकदा महिन्याने. महिन्याने वाचलं की तीच वाक्यं वेगळी कळतात.

सुरुवातीला एकच खेळाडू धरा. ऱ्यू, केन किंवा ल्यूक घेतलात तर मूलभूत सगळं शिकायला मिळतं. कंट्रोल मॉडर्न घ्यायचे की क्लासिक, यावर लोक भांडतात. मॉडर्नमध्ये स्पेशल मूव्ह एका बटणावर येतात, त्याबदल्यात त्या मूव्हचा मार थोडा कमी होतो आणि काही साधे ठोसे-लाथा हाताशी राहत नाहीत. माझं मत विचाराल तर, ज्याने आयुष्यात कधी फायटिंग गेम खेळलेला नाही त्याने बेलाशक मॉडर्न घ्यावा. बोटांपेक्षा आधी डोकं तयार होऊ द्या. मी खाली क्लासिकची बटणं लिहिली आहेत.

३. आकड्यांची भाषा शिका

खेळणारे दिशा आकड्यांत लिहितात. कॅल्क्युलेटर समोर ठेवा. (मोबाइलवर नंबर लावतो ती मांडणी नाही, ती उलटी असते.) ५ म्हणजे मधोमध, काहीच न दाबलेलं. ६ म्हणजे पुढे, ४ म्हणजे मागे, २ म्हणजे बसणं, ८ म्हणजे उडी. तुमचा खेळाडू उजवीकडे तोंड करून उभा आहे असं धरायचं. मग हादोकेन (हातातून सुटणारा गोळा) म्हणजे २३६ आणि पंच, शोर्युकेन (वर उडत मारलेला ठोसा) म्हणजे ६२३ आणि पंच.

आता ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट डिस्प्ले चालू करा. तुम्ही खरोखर काय दाबलं ते बाजूला बाणांच्या ओळीत दिसतं. नव्या माणसाची ठरलेली तक्रार असते, "मी हादोकेन मारतोय, पण शोर्युकेन निघतोय." डिस्प्लेवर बघा. तुम्ही पुढे चालत होता, म्हणजे ६ आधीच दाबलेला होता, आणि त्यावर २३६ केलंत. गेमला दिसलं ६२३६. त्यात ६२३ आलं, म्हणून शोर्युकेन. उपाय सोपा आहे. चालणं थांबवून अंगठा क्षणभर ५वर येऊ द्या आणि मग २३६ करा.

प्रत्येक मूव्ह दोन्ही बाजूंनी दहा-दहा वेळा करा. ट्रेनिंग मोड सुरू होतो तो डाव्या बाजूला, आणि माणूस महिनोन् महिने डावीकडेच सराव करत राहतो. सामन्यात समोरचा डोक्यावरून पलीकडे गेला की हात गोठतो. मी आता सरावाची सुरुवातच उजव्या बाजूने करतो.

४. पहिला आठवडा: उडी पाडा

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून सावकाश वाचा.

डमी म्हणून केन घ्या. मेनूत रेकॉर्डिंगचा भाग आहे, तिथे वेगवेगळे कप्पे असतात. पहिला कप्पा निवडा, रेकॉर्ड सुरू करा. आता केन तुमच्या हातात येतो. त्याला पुढे उडी मारायला लावा, खाली येताना हेवी किक (जड लाथेचं बटण), रेकॉर्ड बंद. प्ले केलं की डमी पुन्हा पुन्हा तेच करते.

तुमचं काम: ती उडी हवेतच पाडायची. ऱ्यूकडे त्यासाठी २ आणि हेवी पंच आहे, म्हणजे बसून वर मारलेला ठोसा. पहिल्या दहा-पंधरा वेळा उशीर होईल. बटण कधी दाबायचं हे बघू नका, केन कुठे आहे ते बघा. उडी निघाल्यापासून पाय टेकेपर्यंत पाऊण सेकंदाच्या आसपास वेळ असतो. केन सर्वांत उंच जागी पोहोचून खाली कलायला लागला, त्याचं डोकं लाइफ बारपासून (वरच्या जिवाच्या पट्टीपासून) सुटलं, की ठोसा. मी ती जागा स्क्रीनवरच मनात पक्की केली होती: मागच्या भिंतीवरच्या एका पाटीची खालची कड.

वीसपैकी पंधरा पडायला लागल्या की वस्तादांचं ते कानातलं पुटपुटणं करायचं. दुसऱ्या कप्प्यात केनला नुसतं पुढे-मागे चालू द्या आणि मग हादोकेन टाकू द्या. तिसऱ्यात त्याला दोन पावलं पुढे येऊन खालची लाथ मारू द्या. आता तिन्ही कप्पे एकदम चालू करा. डमी त्यातलं कोणतंही एक आपल्या मनाने करेल. वीसपैकी पंधरावरून तुम्ही सहा-सातवर याल. घाबरू नका, तो आकडाच खरा होता. आधीचे पंधरा उडी येणार हे माहीत असल्यामुळे होते.

कुस्तीत पकड बसण्याआधी दोन पैलवान हाताला हात लावून एकमेकांना चाचपतात, त्याला खडाखडी म्हणतात. फायटिंग गेममध्येही निम्मा सामना खडाखडीत जातो: कोण किती पुढे येतंय, कोण उडी मारणार, कोण लाथेच्या टप्प्यात पाय ठेवणार. तीन कप्प्यांचा हा सराव म्हणजे डमीबरोबरची खडाखडी. या आठवड्यात दुसरं काहीही करू नका.

५. फ्रेम मीटर वाचायला शिका

गेमचा एक सेकंद ६० फ्रेमचा. एक फ्रेम म्हणजे १६.७ मिलिसेकंद. सेटिंगमधून फ्रेम मीटर चालू केलात की खाली रंगीत चौकटींच्या दोन ओळी सरकताना दिसतात, एक तुमची, एक डमीची. हिरव्या चौकटी म्हणजे मूव्ह सुरू झाली आहे पण अजून लागत नाही. लाल म्हणजे आता लागू शकते. निळ्या म्हणजे हात मागे घेऊन सावरणं चाललंय. शोर्युकेन लांबून, डमीला लागणार नाही असा मारून बघा. निळी शेपटी किती लांब आहे ते दिसेल. चुकलेल्या शोर्युकेनची शिक्षा एवढी मोठी का असते, ते त्या शेपटीत आहे.

दुसरा महत्त्वाचा आकडा म्हणजे फायदा-तोटा. डमीला सगळं ब्लॉक करायला लावा आणि तुमची एक मूव्ह मारा. समजा मीटर उणे ६ दाखवतोय. म्हणजे तुमच्या सहा फ्रेम आधी समोरचा मोकळा झाला. बहुतेक खेळाडूंचा सर्वांत चपळ ठोसा ४ फ्रेमचा असतो. अंतर पोहोचत असेल तर तो तुम्हाला लागणारच. तुम्ही काही करू शकत नाही. म्हणून ढोबळ हिशोब असा: उणे ३पर्यंत जीव सुरक्षित, उणे ४पासून पुढे धोका. अधिक आकडा आला तर पुढची चाल तुमची.

सगळ्या मूव्हचे आकडे पाठ करायला बसू नका. मी बसलो होतो, तीन दिवसांत विसरलो. तुम्हाला ज्या मूव्हने छळलंय तिचाच आकडा बघा. केनची कुठली तरी फिरती लाथ ब्लॉक केल्यावर काय करायचं कळत नाही? ती रेकॉर्ड करा, स्वतः ब्लॉक करा, मीटर बघा, मग आपला सर्वांत चपळ ठोसा मारून बघा, मग त्याहून जड.

इथे एक खड्डा आहे आणि त्यात जवळपास प्रत्येक जण पडतो. रेकॉर्ड करताना डमीची मूव्ह झाली की लोक लगेच रेकॉर्ड बंद करतात. मग डमी मूव्हनंतर नुसती उभी राहते, तुमचा ठोसा लागतो, आणि तुम्ही खूश होता की तोड सापडली. सामन्यात मात्र समोरचा मूव्हनंतर मागे दाबून ब्लॉक करतो. म्हणून रेकॉर्ड करताना मूव्ह झाल्यावर सेकंदभर मागची दिशा दाबून ठेवा आणि मगच थांबवा. त्यानंतरही तुमचा ठोसा लागला तर ती तोड पक्की. मी एका मूव्हची खोटी तोड महिनाभर उराशी धरून होतो.

६. ड्राइव्ह इम्पॅक्टला उत्तर द्या

नवीन खेळाडू सगळ्यात जास्त हरतात ते ड्राइव्ह इम्पॅक्टमुळे. हेवी पंच आणि हेवी किक एकदम दाबले की तो निघतो. समोरच्याचे दोन मार तो अंगावर झेलतो आणि तरी येतच राहतो. भिंतीजवळ तुम्ही तो ब्लॉक केलात तरी भिंतीवर आदळता. आणि तुमच्या ड्राइव्हच्या, म्हणजे लाइफ बारखालच्या ताकदीच्या, सहाही पट्ट्या संपून बर्नआउट झालेला असेल तर कोपऱ्यात थेट भोवळ येते.

त्याची सर्वांत सरळ तोड म्हणजे तुमचाही ड्राइव्ह इम्पॅक्ट, जरासा उशिराने मारलेला. आता हिशोब बघा. तो २६ फ्रेमनंतर लागतो, म्हणजे सेकंदाच्या चार-साडेचार दशांशांत. डोळ्याने बघून बटण दाबायला माणसाला साधारण पाव सेकंद लागतो, म्हणजे १५ फ्रेम. उरल्या ११. वेळ आहे, पुरेसा आहे. तरी आपण खातो, कारण त्या क्षणी डोकं दुसऱ्या कामात असतं.

म्हणून नुसता ड्राइव्ह इम्पॅक्ट रेकॉर्ड करून त्याला उत्तर देत बसण्यात अर्थ नाही. ते पहिल्या पाच मिनिटांत जमतं आणि सामन्यात कामाला येत नाही. चौथ्या पायरीतले तीन कप्पे तसेच ठेवा आणि चौथ्यात ड्राइव्ह इम्पॅक्ट भरा. चारही चालू. तुम्ही उड्या पाडताय, हादोकेन ब्लॉक करताय, आणि मध्येच तो येतोय. हे थकवणारं आहे. दहा मिनिटांच्या वर करू नका. पण रोज करा.

पहिले काही दिवस स्क्रीनवर शाईसारखे रंग उसळताना दिसले की हात दचकून काहीही दाबेल. खेळाडूचं अंग बघण्याऐवजी तो रंगाचा स्फोट बघायचा, आवाज ऐकायचा. मला स्वतःला आवाजाने जास्त मदत झाली, म्हणून सरावाच्या वेळी गाणी बंद ठेवतो.

७. लागलं की नाही, हे बघून पुढे जा

आतापर्यंत सगळी तोड झाली. आता आपला डाव.

डमीचं ब्लॉक सेटिंग रँडमवर ठेवा. तुम्ही दोन लाइट पंच मारा. लागले तर पुढे शोर्युकेन. ब्लॉक झाले तर तिथेच थांबा. याला खेळणारे हिट कन्फर्म म्हणतात. ब्लॉक झालेल्या लाइट पंचमागे शोर्युकेन टाकलात तर समोरचा तुमच्या लाइफचा मोठा लचका तोडतो. पाचव्या पायरीतली ती निळी शेपटी आठवा.

वीस खेपा करा आणि वहीत चुका मांडा. पण दोन वेगवेगळ्या रकान्यांत: लागलं असून थांबलो, आणि ब्लॉक होऊनही पुढे गेलो. दुसऱ्या रकान्यातल्या चुका जास्त महाग आहेत. माझ्या वहीत सुरुवातीला सगळ्या दुसऱ्याच रकान्यात होत्या, कारण हाताला पूर्ण कॉम्बोची सवय लागली होती. ती मोडायला आठवडा गेला. एक पंच मारून ठरवायला वेळ पुरत नाही, दोन मारले की पुरतो, हे त्या आठवड्यात समजलं.

८. पडलेला माणूस उठतो तेव्हा

समोरचा पडला की आपण आनंदाने धावत जाऊन मारतो, आणि तो उठता उठता ओव्हरड्राइव्ह शोर्युकेन (ड्राइव्हच्या पट्ट्या खर्चून मारलेला) घालतो. त्या मूव्हला सुरुवातीला काहीच लागत नाही, त्यामुळे तुमचा ठोसा वाया जातो.

ट्रेनिंग मोडमध्ये रिव्हर्सलचं वेगळं सेटिंग आहे. डमी उठताना काय करेल हे तिथे ठरवता येतं. तीन गोष्टी भरा: ओव्हरड्राइव्ह शोर्युकेन, थ्रो (पकडून फेकणं), आणि नुसतं ब्लॉक. तुम्ही डमीला पाडा, जवळ जा आणि प्रत्येक खेपेला आधीच ठरवा की मारणार, थ्रो करणार की थांबून ब्लॉक करणार. ब्लॉक केलात आणि शोर्युकेन आला, तर खाली येणाऱ्या केनला तुमचा सर्वांत जड मार द्या. स्क्रीनवर पनिश काउंटर लिहून येईल. हा अंदाजाचा खेळ आहे, इथे बरोबर उत्तर पाठ करता येत नाही. पण तिन्ही पर्याय हाताला सवयीचे झाले पाहिजेत.

९. कॉम्बो

तीन पुरेत. एक लाइट पंचवरून, एक उडी मारून आत गेल्यावरचा, एक मोठी चूक पकडल्यावरचा. कॉम्बो ट्रायल्समध्ये सोप्यापासून अवघडपर्यंत भरपूर आहेत, त्यातले अवघड बघायला सुंदर असतात आणि बऱ्याचदा सामन्यात त्यांची वेळच येत नाही. सलग पाच वेळा, दोन्ही बाजूंनी, जमला की तो तुमचा. चौथ्याला चुकला तर पुन्हा एकपासून मोजा.

अंगठा दुखायला लागला, मनगट जड झालं, की त्या दिवशी बंद. अर्ध्या तासाने उठून हात झटकायचे हे ठरवूनच बसा.

१०. हरलेला सामना डमीकडे न्या

आता ऑनलाइन उतरा. सामना शोधायला लावून तुम्ही ट्रेनिंग मोडमध्येच थांबू शकता, प्रतिस्पर्धी मिळाला की गेम तुम्हाला तिथून उचलून नेतो. ती दोन-तीन मिनिटं उड्या पाडण्यात घालवा. ऑनलाइनचा उशीर अंगवळणी पडावा म्हणून ट्रेनिंग मोडमध्ये इनपुट मुद्दाम काही फ्रेम उशिरा नेण्याचीही सोय आहे. अधूनमधून ती लावून बघा.

पाच सामने खेळा आणि थांबा. हरलात त्यातला एक रिप्ले उघडा. रिप्लेमध्येही इनपुट आणि फ्रेम मीटर दिसतं. ज्या जागी "आता काय करायचं होतं?" असं वाटलं, तिथे थांबवा आणि वहीत एक ओळ लिहा. एकच. "खूप हरलो" किंवा "तो फार चांगला होता" ही नोंद उपयोगाची नाही. "कोपऱ्यात त्याने दोन लाथा मारून थ्रो केला, तीनदा" ही नोंद उपयोगाची आहे, कारण ती जशीच्या तशी डमीला शिकवता येते. एका कप्प्यात दोन लाथा आणि थ्रो, दुसऱ्यात दोन लाथा आणि तिसरी लाथ, दोन्ही चालू करा आणि कोपऱ्यात उभे राहा. डमीला तोच खेळाडू द्या, अंतर तेच ठेवा.

टेकन ८ खेळत असाल तर त्यातली एक सोय इथे कामाला येते. त्यात रिप्ले चालू असताना मध्येच थांबवून स्वतः कंट्रोलर हातात घेता येतो. जिथे हरलात, तिथूनच पुन्हा खेळून बघा.

उत्तर सापडलं की वहीत त्या ओळीसमोर लिहा, आणि पुढचे पाच सामने जिंकण्यासाठी खेळू नका. ते एक उत्तर वापरायची संधी शोधत खेळा. एकदा जरी वापरता आलं तरी ओळीवर टिक करा. मामेभाऊ आता दर रविवारी ऑनलाइन येतो, आणि माझ्या वहीतल्या निम्म्या ओळी त्याच्याच आहेत.

माझ्या वहीच्या पहिल्या पानावर तीन ओळी आहेत. तुमची पहिली ओळ सुचेपर्यंत त्या वापरा:

- केन टप्प्याच्या जरा बाहेरून उडी मारतो तेव्हा २ हेवी पंच पोहोचत नाही. त्या अंतरावर काय?
- माझी खालची हेवी किक ब्लॉक झाली की तो दर वेळी मारतो. मी ती कुठून मारली तर तो पोहोचणार नाही?
- माझ्या ड्राइव्हच्या दोनच पट्ट्या उरल्या असताना मी त्या कशावर घालवतो?